गुटगुटीत पिल्लाचा मोह

बाळ गुटगुटीत असलं की घरी येणारा प्रत्येकजण कौतुक करतो. तोच निकष आपण नकळत कुत्र्याच्या पिल्लालाही लावतो. अमरावती-अकोल्याच्या नव्या वस्त्यांमधल्या फाटकांआड आणि वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगीच्यांमध्ये आता लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर दिसू लागले आहेत. एखाद्या घरी ग्रेट डेनही असतो. पिल्लू घरात आलं की पहिल्या आठवड्यातच सल्ल्यांची रीघ लागते. दूध भरपूर पाजा, पोळीला तूप लावा, कॅल्शियमचं सिरप चुकवू नका, हाड भरलं पाहिजे, छाती रुंद झाली पाहिजे. मोठ्या जातीचं कुत्रं म्हणजे जास्त खाणं, जास्त ताकदीची औषधं आणि जास्त वेगाने वाढ, असा सगळा हिशोब असतो. मला या हिशोबाच्या नेमकं उलट सांगायचं आहे. जे कुत्रं मोठं होणार आहे ते सावकाश वाढवलं पाहिजे. वाढीच्या काळात ते अंगाने सडपातळच ठेवलं पाहिजे, आणि चांगलं तयार खाद्य सुरू असेल तर त्याला वरून कॅल्शियमचा थेंबही देऊ नये. युरिया जास्त झाला की पऱ्हाटी कशी माजते, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. झाड हिरवंगार नि डोक्याएवढं होतं, पाहणाऱ्याला बरं वाटतं, पण बोंडांच्या वेळी हिशोब लागत नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट पटायला जड जाते, कारण नुकसान दिसतं ते वर्षा-दोन वर्षांनी.

आधी ही वाढ किती विलक्षण असते ते पाहू. माणसाचं बाळ पहिल्या वर्षात जन्मवेळच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. लॅब्राडोरचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम चारशे ग्रॅमचं असतं, आणि वर्षभरात ते तीस किलोच्या आसपास पोचतं. ग्रेट डेन अर्ध्या-पाऊण किलोचं जन्मून वर्षाच्या आत पन्नास किलोच्या घरात जातं. पहिले दहा ते चौदा दिवस डोळे बंद असतात, कानही मिटलेले असतात, आणि पिल्लू आईच्या उबेवर नि दुधावर जगतं. तिसऱ्या आठवड्यापासून ते अडखळत चालू लागतं, दुधाचे दात फुटतात, भावंडांशी झोंबाझोंबी सुरू होते. सहा ते आठ आठवड्यांत 28 दुधाचे दात पूर्ण होतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. या काळात घरातल्या चपला, खुर्च्यांचे पाय, बागेतली पाण्याची नळी यांचं काही खरं नसतं. ती खोडी नसून हिरड्यांची गरज असते. मोठ्या जातीचं पिल्लू पाचव्या महिन्याच्या सुमारास पूर्ण वजनाच्या निम्म्यावर येतं. त्याच सुमारास ते सर्वांत बेढब दिसू लागतं. पाय लांब, पंजे मोठे, मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, चालणं ढिलं. परवापर्यंत गोळ्यासारखं असलेलं पिल्लू असं हाडकुळं झालं की मालक घाबरतो आणि वाटी भरून वाढू लागतो. खरं तर शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी वाढतात, म्हणून तो बेढबपणा येतो. तो आजार नाही, आणि त्यावर खाणं हा इलाज नाही.

ही लांबी वाढते कशी, हे समजलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात येतं. लांब हाडाच्या दोन्ही टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ कुरकुरीत पेशीजालाची एक पातळ चकती असते. तिच्यात नव्या पेशी तयार होतात, आणि त्यांच्यात चुना भरत जाऊन पक्कं हाड बनतं. सांध्याच्या पृष्ठभागाखालीही कोवळी कूर्चा अशीच हळूहळू हाडात बदलत असते. मध्यम आकाराच्या कुत्र्यांत वाढीच्या बहुतेक चकत्या वर्षाच्या आत बंद होतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांच्यासारख्या अवाढव्य जातींत हे काम दीड वर्षापर्यंतही चालू राहतं. म्हणजे पाच-सहा महिन्यांचं वीस किलोचं कुत्रं बाहेरून जवान दिसत असलं तरी आतून त्याचे सांधे कच्चे असतात. स्लॅब टाकल्यावर सेंट्रिंग काढायच्या आधी त्यावर विटांचा ढीग रचायला गवंडी देत नाही, कारण काँक्रीट वरून वाळलेलं दिसलं तरी आत पक्कं झालेलं नसतं. चरबीचा प्रत्येक जादा किलो म्हणजे त्या कच्च्या स्लॅबवरच्या विटा. पेशींची वाढ भरधाव आणि वरचा भार जास्त, अशी दोन्ही बाजूंनी ओढ लागली की सांध्याची कूर्चा नीट हाडात बदलत नाही. तिला भेगा पडतात, कधी तिचा तुकडा सुटतो, नाहीतर खुब्याचा गोळा वाटीत घट्ट बसत नाही. खुबा सैल राहण्याचा दोष, कोपराचे दोष, खांद्यातली सुटलेली कूर्चा हे सगळे प्रामुख्याने मोठ्या जातींचे नि वाढत्या वयाचे विकार आहेत. लहान जातींत ते क्वचितच दिसतात, ते याच कारणाने.

हा निव्वळ तर्क नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेला प्रयोग 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एका गटाला हवं तितकं पौष्टिक खाणं दिलं होतं, दुसऱ्याला त्याच्या दोन तृतीयांश. पोटभर खाणारी पिल्लं वेगाने वाढली, आणि हाडा-सांध्यांचे विकारही त्यांनाच जास्त झाले. त्याहून मोलाचा पुरावा लॅब्राडोरचा आहे. 48 लॅब्राडोर पिल्लांच्या 24 जोड्या लावल्या. आठव्या आठवड्यापासून एकाला भरपूर आणि जोडीदाराला त्याच्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं. खाद्य तेच, फक्त माप वेगळं. दोन वर्षांच्या वयात क्ष-किरण चित्रं काढली तेव्हा कमी खाणाऱ्या गटात खुब्याचा दोष असलेली कुत्री दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी निघाली. हा अभ्यास ती कुत्री जिवंत असेपर्यंत चालला आणि त्याचा निकाल 2002 मध्ये जाहीर झाला. भरपूर खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य 11.2 वर्षं होतं, कमी खाणाऱ्यांचं 13. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि तो कोणत्याही औषधाने न पडता वाटीच्या मापाने पडलेला. हे संशोधन कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीने केलं होतं, म्हणून त्यावर शंका घेता येईल. पण त्याचा निष्कर्ष खाद्य कमी घाला असा आहे, म्हणजे विक्रीच्या हिताविरुद्धचा. अशा वेळी तो जास्तच विश्वासार्ह मानावा लागतो. दुसरी शंका अशी की खुब्याचा दोष तर वंशातून येतो, मग खाण्याने काय होणार? वंशातून येते ती प्रवृत्ती. या अभ्यासातल्या जोड्या एकाच वेतातल्या भावंडांच्या होत्या, तरी मापाने एवढा फरक पडला. आईबाप तुम्हाला बदलता येत नाहीत, माप मात्र रोज तुमच्या हातात असतं.

आता कॅल्शियम. आपल्याकडे मोठ्या पिल्लाच्या पालनात सर्वांत रुजलेली चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. हाड कॅल्शियमचं असतं, मोठ्या कुत्र्याचं हाड मोठं असतं, म्हणून त्याला जास्त कॅल्शियम द्यावं, हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की तो तपासावा असं कोणाच्या मनातच येत नाही. पण मोठं झालेलं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं आणि उरलेलं आतड्यातून बाहेर टाकतं. कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला हे दार बंद करता येत नाही. जेवढं येईल त्यातला मोठा हिस्सा ते शोषतच राहतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांना खाद्याच्या कोरड्या वजनाच्या 1.1 टक्के आणि 3.3 टक्के अशी वेगवेगळी कॅल्शियमची मात्रा दिली गेली. त्याचे निष्कर्ष 1985 मध्ये आले. जास्त कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांत कूर्चेचं हाडात रूपांतर बिघडलं, आणि काहींचे पुढचे पाय वाकडे झाले. 0.55 टक्क्यांवर ठेवलेल्या पिल्लांचंही नुकसान झालं, हेही तितकंच खरं आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. या सगळ्यामुळे अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांनी पूर्ण वाढीनंतर 70 पौंड, म्हणजे सुमारे 32 किलो किंवा त्याहून जड होणाऱ्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा 1.8 टक्के ठेवली आहे. इतर कुत्र्यांसाठी ती 2.5 टक्के आहे. म्हणजे मोठ्या जातीला जास्त चालतं असं नव्हे, उलट तिलाच कमी चालतं. जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत म्हणून सिरप देणाऱ्यांची संख्या तर फार मोठी आहे. कानाला आधार देते ती कूर्चा, आणि कान उभे राहणं वंशावर नि वयावर ठरतं. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, विशेषतः दात पडताना, उभे झालेले कान पुन्हा पडतात आणि मग आपोआप सावरतात. त्या काळात बाटली सुरू असेल तर श्रेय बाटलीला मिळतं, एवढंच.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. तयार खाद्य परवडत नाही किंवा नको वाटतं, आमचं पिल्लू पोळी, भात, दूध, कधी चिकन खातं. मग त्याला तरी कॅल्शियम नको का? त्याला हवं आहे, आणि ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. गव्हात नि ज्वारीत कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो. बिनहाडाच्या चिकनमध्ये तर फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त भरतो. पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त लागतं. केवळ चिकन-भातावर किंवा भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडातून ते काढू लागतं. हाडं पातळ होतात, साध्या उडीने मोडतात. पण या आहारात जी उणीव आहे ती अंदाजाने ओतलेल्या सिरपने नेमकी भरत नाही. आकडे पाहा. वाढत्या पिल्लाला प्रत्येक हजार कॅलरीमागे किमान 3 ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि मोठ्या जातीसाठी वरची हद्द 4.5 ग्रॅमची. साधारण तीन महिन्यांच्या, दहा किलोच्या पिल्लाची दिवसाची गरज हजार कॅलरींच्या आसपास असते. म्हणजे किमान आणि कमाल यांच्यात फक्त दीड ग्रॅमची जागा आहे. अर्धा लिटर दुधातून अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम मिळतं, अंड्याच्या कवचाच्या चमचाभर पुडीतून सुमारे दोन ग्रॅम. घरच्या अन्नावरच पिल्लू वाढवायचं असेल तर काय, किती, कसं खाऊ घालता हे कागदावर लिहून पशुवैद्यकाकडे न्या आणि मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या. चांगल्या तयार खाद्यात हे गणित आधीच सोडवलेलं असतं. त्यावर सिरप ओतणं म्हणजे सुटलेलं गणित खोडणं. माझं स्वतःचं मत असं की पहिलं वर्ष-दीड वर्ष तरी मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं खाद्य घ्यावं, आणि ताणाताण होत असेल तर तूप, सिरप, पावडरी नि महागडे बिस्किटांचे डबे यांवरचा खर्च त्याकडे वळवावा. पिशवीवर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना, एवढं नक्की वाचा. कोवळ्या उन्हात बसवलं की जीवनसत्त्व ड मिळेल, ही समजूतही सोडून द्या. माणसाच्या कातडीत होतं तसं कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं.

प्रथिनांना मात्र उगाच दोष दिला जातो. जास्त प्रथिनांनी हाडं वाकडी होतात म्हणून अंडी-मांस तोडणारे लोक आहेत. उट्रेख्तलाच ग्रेट डेनच्या पिल्लांना प्रथिनांच्या कमी-जास्त मात्रा देऊन पाहिल्या, आणि हाडांच्या विकारांशी त्यांचा संबंध दिसला नाही. घात करतात त्या जादा कॅलरी आणि जादा कॅल्शियम. तेव्हा माप कसं ठरवायचं? पिशवीवरचा तक्ता ही सुरुवात समजा आणि निकाल पिल्लाच्या बरगड्यांवर सोडा. स्वतःचा हात पसरून हाताच्या पाठीवरून, म्हणजे बोटांच्या मागच्या बाजूच्या हाडांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. पिल्लाच्या बरगड्या हाताला तशा लागायला हव्यात. वळलेल्या मुठीच्या टोकदार सांध्यांसारख्या लागल्या तर पिल्लू फार बारीक आहे, आणि तळव्याच्या मांसल भागासारखं लागलं तर ते लठ्ठ आहे. वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. दर आठवड्याला एकाच वारी वजन करा. स्वतः काट्यावर उभे राहून आणि मग पिल्लू उचलून घेऊन आकडे वजा केले की झालं. पुढे ते उचलेनासं झालं की किराणा दुकानातला किंवा आडतीतला धान्याचा काटा आहेच. चार महिन्यांपर्यंत दिवसाचं खाणं चार वेळा विभागून द्या, मग तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. वीस मिनिटांत जे उरेल ते उचलून ठेवा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की पिल्लू आपणहून कमी खातं. ती त्याच्या शरीराची शहाणी प्रतिक्रिया असते. तेव्हा त्याला तुपाची लालूच दाखवून जेवू घालायची गरज नाही, गार पाणी नि सावली पुरेशी आहे.

अशा पिल्लाला पाहून शेजारी उपाशी ठेवता का असं विचारणार, हे गृहीत धरा. आपल्याच प्रांतात या प्रश्नाचं उत्तर उभं आहे. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरची कारवानी, जिला मुधोळ हाउंडही म्हणतात, ती बरगड्या दिसणारीच असते, आणि तिच्या धावण्यावर कोणी शंका घेत नाही. उंची खुंटेल ही भीतीही निराधार आहे. कुत्रं शेवटी किती उंच होणार ते मुख्यतः आईबापांकडून आलेल्या वारशावर ठरतं, पूर्ण आणि संतुलित पण मोजकं खाणं दिलं तर ते तिथे काही महिने उशिरा पोचतं. आणखी एक आक्षेप जुन्या माणसांकडून येतो: वावरातली गावठी कुत्री पिढ्यान् पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर जगली, रोही आणि रानडुकरं हाकलली, त्यांना कोणी माप लावलं नव्हतं. हे अगदी खरं आहे. पण गावठी कुत्रं वीस किलोच्या आतबाहेर थांबतं, सावकाश वाढतं, कधी जादा खायला मिळतच नाही, आणि ज्यांचे सांधे कच्चे निघाले ती पिल्लं मागे राहिली नाहीत. आपण ज्या जाती आणतो त्या माणसाने वजनासाठी निवडून घडवलेल्या आहेत. निसर्गाने घातलेला लगाम त्यांना नाही, म्हणून तो आपल्याला हातात धरावा लागतो. जुन्या वावरातल्या कुत्र्यापासून शिकायचंच असेल तर त्याचा सडपातळपणा शिकू या.

व्यायामाच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एकीकडे पिल्लू दिवसभर साखळीला, दुसरीकडे पाच महिन्यांच्या कुत्र्याला दुचाकीच्या मागे डांबरी रस्त्यावर पळवणं. दोन्ही वाईट, पण दुसरं जास्त. वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटं चालवावं असा एक नियम सांगितला जातो. त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही, तरी अतिरेकापासून वाचवतो म्हणून तो पाळायला हरकत नाही. खरा उपयोगी पुरावा नॉर्वेचा आहे. तिथे लॅब्राडोर, न्यूफाउंडलंड, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा जन्मापासून मागोवा घेतला, आणि 2012 मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचा धोका जास्त होता. मोकळ्या, मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर विनासाखळी खेळणाऱ्यांत तो कमी होता, आणि शेतावर जन्मलेल्यांतही कमी. वऱ्हाडातल्या वाचकाला यापेक्षा सोपा सल्ला कोणता देता येईल? आपल्याकडे काळ्या मातीचं वावर आहे, बगीच्यात ओळींमधली मऊ जागा आहे. तिथे पिल्लाला सकाळी त्याच्या मर्जीने हुंदडू द्या आणि थकून बसलं की बसू द्या. लस पूर्ण होईपर्यंत मात्र जागा आपलीच, इतर कुत्र्यांची ये-जा नसलेली असावी. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय दोन्हीकडे फाकतात, तेव्हा त्याच्या वावराच्या वाटेवर बारदाना किंवा सतरंजी पसरा. उन्हाळ्यात रात्री घरातली मंडळी गच्चीवर झोपायला गेली की पिल्लू मागोमाग जिना चढतं. पहिले तीन महिने तरी त्याला उचलून न्या. एप्रिल-मेमध्ये फिरणं सूर्य उगवायच्या वेळी किंवा दिवेलागणीनंतरच, आणि आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा. जिथे हात ठेववत नाही तिथे पंजे कसे ठेववतील? दाट केसांचा सेंट बर्नार्ड अकोल्याच्या उन्हात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कूलरपुढे बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाढीच्या वयात लागणारं हुंदडणं मिळतच नाही.

विकत घेतानाच काही गोष्टी ठरून जातात. पस्तीस-चाळीस दिवसांचं पिल्लू घेऊन जा, लवकर लळा लागतो, असं विक्रेते सांगतात. 2017 मध्ये केंद्र सरकारने केलेल्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. त्यामागचं कारण साधं आहे. चाव्याला आवर घालणं पिल्लू आई-भावंडांकडून शिकतं. माणसं, आवाज, वाहनं, इतर जनावरं यांची भीती मोडण्याचा काळही तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान असतो, म्हणून घरी आल्यावर पुढचे चार आठवडे फार मोलाचे असतात. साडेचार किलोच्या पिल्लाचं अंगावर उडी घेणं गोड वाटतं, चाळीस किलोच्या रॉटवायलरचं वाटत नाही. लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांत, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात. पार्व्हो या विषाणूच्या आजाराने जाणारी बहुतेक पिल्लं याच वयाची असतात, तेव्हा तारखा टाळू नका. आईबाप पाहायला मिळत असतील तर त्यांना चालताना पाहा आणि त्यांच्या खुब्यांचं क्ष-किरण चित्र काढलं आहे का ते विचारा.

आणि पिल्लू लंगडू लागलं तर? पाच महिन्यांनंतर आज एक पाय, आठवड्याने दुसरा, असं फिरतं लंगडणं मोठ्या जातींत दिसतं. त्याचं एक कारण लांब हाडांच्या आतली सूज असतं, जी वयाबरोबर ओसरते. पण तेच लक्षण सुटलेल्या कूर्चेचं किंवा खुब्याच्या दोषाचंही असू शकतं, आणि हे बाहेरून ओळखता येत नाही. अशा वेळी कॅल्शियमची मात्रा वाढवणं हा हमखास दिला जाणारा आणि हमखास चुकीचा सल्ला आहे. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीच देऊ नका, आयबुप्रोफेन नि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. दोन-तीन दिवसांत लंगडणं थांबलं नाही तर क्ष-किरण तपासणी करून घ्या. अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथे पशुशल्यचिकित्सा शिकवली जाते. वर्षभराच्या आत नसबंदी करायचा विचार असेल तर तोही याच भेटीत बोलून घ्या. लैंगिक संप्रेरकं थांबली की वाढीच्या चकत्या उशिरा बंद होतात, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना 2013 च्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या गोल्डन रिट्रीव्हरमध्ये सांध्यांचे विकार जास्त आढळले. जाताना वजनांची वही बरोबर न्या. कोणत्या आठवड्यात किती किलो, कोणतं खाद्य, किती ग्रॅम, वरून काय दिलं, लंगडणं कोणत्या तारखेला नि कोणत्या पायाला, एवढं त्यात असलं तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. लॅब्राडोर, शेफर्डसाठी ही वही वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत, ग्रेट डेनसाठी पूर्ण दीड वर्ष, दर रविवारी लिहायची.